'रेडियम'ची पट्टी आणि अंधारात उभा असलेला ट्रक

चंद्रपूर किंवा गडचिरोलीची पानं पेपरात नियमित वाचत असाल, तर ही बातमी तुम्ही अनेकदा वाचली असेल. गावाचं नाव बदलतं, मजकूर तोच राहतो: रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकला मागून भरधाव दुचाकीची धडक, दुचाकीस्वार जागीच ठार. ट्रकच्या जागी कधी ट्रॅक्टरची ट्रॉली असते, कधी टायर फुटून थांबलेला हायवा, कधी लाकडाची गाडी. 'भरधाव' हा शब्द मात्र दुचाकीलाच चिकटतो, कुणी वेग मोजलेला नसला तरी. ट्रक बिचारा उभाच होता, चूक मागून येणाऱ्याची, असं वाक्यरचनेनेच ठरून जातं.

आजच्या लेखात मला हा निकाल जरा तपासायचा आहे. त्यासाठी थोडं भौतिकशास्त्र लागेल आणि बराचसा इतिहास. तो इतिहास आहे ट्रकच्या मागे चिकटवलेल्या त्या चमकणाऱ्या पट्टीचा, जिला आपण सगळे 'रेडियम' म्हणतो.

आधी गणित

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून, डोक्यात शिरून, ब्रेक दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेली. आता ब्रेक चांगले आहेत आणि डांबर कोरडं आहे असं मानलं, तरी पूर्ण थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ६८ मीटर.

आता दुसरी बाजू. समोरून गाडी येतेय म्हणून तुम्ही हेडलाइट डिपरवर घेतला आहे. अशा वेळी काळपट, धुळीने माखलेली, दिवा नसलेली वस्तू दिसते ती साधारण ४०-५० मीटरवर. ४५ धरू. म्हणजे ट्रक दिसला तेव्हा थांबायला लागणारं अंतर तुमच्याकडे उरलेलंच नाही. पहिले ३३ मीटर ब्रेक लागायच्या आधीच गेले, ब्रेकसाठी मिळाले फक्त १२. हिशोब केला तर धडकेच्या क्षणी वेग अजून ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास असतो.

हेच गणित ताशी ६० ला करून बघा. प्रतिक्रियेचे २५ मीटर, ब्रेकचे २०, एकूण ४५. म्हणजे जेमतेम जमतं. थोडक्यात, ८० वर चालणारा, न प्यालेला, लक्ष देऊन गाडी चालवणारा माणूससुद्धा अंधारातल्या बिनदिव्याच्या ट्रकवर आदळू शकतो. त्याने वेग कमी ठेवायला हवा होता हे खरं. पण ट्रक त्याला दीडशे मीटरवरून दिसला असता, तर तो ८० वरही वाचला असता.

हा प्रश्न फक्त पुस्तकी नाही. अपघात नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील नेमकं हेच म्हणतो, की उभ्या गाडीला धडक दिली म्हणजे मृताचाही दोष आहे. तो दोष मान्य झाला की घरच्यांची भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. २०१८ साली अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. रात्री रस्त्यात, दिवे न लावता उभ्या केलेल्या टँकरवर कार आदळली होती. उच्च न्यायालयाने निम्मा दोष कारचालकाचा ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला आणि जबाबदारी टँकरवर टाकली. म्हणजे 'तो दिसत होता का?' या प्रश्नावर एखाद्या घराचं पुढचं आयुष्य ठरू शकतं.

चितळाचे डोळे

मूल रस्त्याने किंवा आलापल्लीहून सिरोंचाकडे रात्री गेला असाल, तर एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. समोर पंधरा टनांचा ट्रक उभा असतो आणि तो दिसत नाही. पण झाडीत उभ्या चितळाचे डोळे कितीतरी लांबून दोन ठिणग्यांसारखे चमकतात. असं का?

ट्रकच्या डाल्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो. त्यातला अगदी थोडा तुमच्याकडे परत येतो. चितळाच्या डोळ्यात मात्र पडद्यामागे एक चमकदार थर असतो. भिंगातून आत आलेला प्रकाश त्यावर आपटतो आणि जवळपास ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. तुमच्या हेडलाइटचा प्रकाश तुमच्याच डोळ्यांकडे येतो. याला प्रतिपरावर्तन म्हणतात. आरसा हे करत नाही. आरसा थोडा तिरका असला की प्रकाश भलतीकडे जातो.

हे कृत्रिमपणे करायच्या दोन पद्धती आहेत. एक, काचेचे बारीक गोल मणी. दोन, खोलीच्या कोपऱ्यासारखे एकमेकांना काटकोनात असलेले तीन पृष्ठभाग. त्यात कुठूनही किरण शिरला तरी तीनदा उसळून उलट दिशेने बाहेर पडतो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर असे १०० कोपरे बसवलेली चौकट ठेवली. पृथ्वीवरून लेझर सोडून चंद्राचं अंतर तिच्यावरून मोजतात. ट्रकच्या चांगल्या प्रतीच्या पट्टीत हेच कोपरे असतात, फक्त अतिशय बारीक.

मग 'रेडियम' कुठून आलं? रेडियम हे मूलद्रव्य क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलं. पुढे घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावायची पद्धत आली. तो अंधारात स्वतःच उजळायचा. तो रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या तरुण मुली ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करायच्या. १९२० च्या दशकात त्यातल्या अनेकींना जबड्याचे आणि हाडांचे भयंकर आजार झाले. रेडियमचा रंग कधीच मागे पडला, पण 'अंधारात चमकतं ते रेडियम' हा शब्द आपल्या बाजारात टिकला. आपल्या पट्टीत रेडियमचा कणही नाही. ती स्वतः उजळत नाही. तुमचाच प्रकाश तुम्हाला परत देते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रस्त्यावर ही कल्पना रुजवणारा माणूस म्हणजे इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचा पर्सी शॉ. १९३४ साली त्याने रस्त्यात बसवायच्या काचेच्या खुंट्यांचं पेटंट घेतलं. 'कॅट्स आय' हे त्यांचं नाव आपल्याकडेही चालतं. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमध्ये दिवे बंद ठेवले जायचे, तेव्हा या खुंट्यांना खरी मागणी आली. काचेच्या मण्यांची चिकटपट्टी अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस आली. म्हणजे तंत्र जवळपास नव्वद वर्षं जुनं आहे. ते ट्रकच्या पाठीवर यायला इतका वेळ का लागला?

एक जिल्हा, तीन नियमपुस्तकं

भारतात पहिला देशव्यापी मोटार कायदा १९१४ चा. तो छोटासा होता आणि बारीकसारीक नियम प्रांतांवर सोडलेले होते. १९३९ चा कायदा बराच मोठा आला. त्यात गाडीची बांधणी आणि साधनसामग्री यांवर स्वतंत्र प्रकरण होतं, पण तपशील ठरवायचा अधिकार पुन्हा प्रांतांकडे. तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, त्यामुळे इथे त्या प्रांताचे १९४० चे नियम. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला आणि मग मुंबईचे १९५९ चे नियम लागू झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र, १९६४ मध्ये चांद्याचं चंद्रपूर, १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा. अखेर १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ ला अमलात आला, त्याबरोबर केंद्रीय मोटार वाहन नियम आले आणि गाडीची बांधणी कशी असावी हे देशभरासाठी एकाच ठिकाणी ठरू लागलं.

जुन्या काळात भर होता तो दिव्यावर आणि चालकावर. मागे लाल दिवा हवा, चालकाने नीट चालवावं. यात अडचण अशी की ट्रक बंद पडतो तो बऱ्याचदा बॅटरी किंवा वायरिंगच्या बिघाडासकट. ज्या वेळी दिव्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका त्याच वेळी तो विझलेला असतो. मग क्लीनर मागे दगड मांडतो, सागाची नाहीतर पळसाची फांदी टाकतो. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतात.

विचारांची दिशा बदलली ती १९६० च्या दशकात. १९६५ मध्ये राल्फ नेडर या अमेरिकी वकिलाचं मोटारींच्या असुरक्षित बांधणीवरचं पुस्तक आलं, आणि १९६६ मध्ये तिथे वाहन सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. त्या नव्या यंत्रणेचा पहिला प्रमुख विल्यम हॅडन हा डॉक्टर होता, साथरोगांच्या पद्धतीने विचार करणारा. त्याने अपघाताचे तीन टप्पे मांडले: धडकेआधी, धडकेच्या क्षणी, धडकेनंतर. प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन आणि परिसर यांत काय बदलता येईल ते बघा, असं त्याचं म्हणणं. मलेरिया आटोक्यात आणताना आपण माणसांना फक्त 'डासांपासून सावध राहा' सांगून थांबत नाही, तसंच हे.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, १९६६ मध्ये, पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, स्थापन झाली. आज आपल्या गाड्यांची 'एआयएस' नावाची मानकं तिथून प्रसिद्ध होतात. ट्रकच्या पट्टीचं मानकही त्यातलंच, एआयएस ०९०.

दांडा आणि पट्टी

ट्रकच्या मागच्या बाजूला दोन गोष्टी जीव वाचवतात. हॅडनच्या भाषेत, पट्टी धडकेआधी आणि खालचा आडवा लोखंडी दांडा धडकेच्या क्षणी. दांडा नसेल तर कार थेट ट्रकखाली घुसते आणि डाल्याची कड काचेतून आत येते. अशा वेळी एअरबॅग आणि सीटबेल्टचाही फारसा उपयोग होत नाही.

१९६७ मध्ये जेन मॅन्सफील्ड ही हॉलिवूडची अभिनेत्री रात्री अशाच धडकेत गेली. तेव्हापासून अमेरिकेत या दांड्याला तिच्या नावाने ओळखतात आणि तिच्या मृत्यूमुळे दांडा सक्तीचा झाला असं सांगितलं जातं. खरा इतिहास जास्त संथ आहे. दांडा १९५३ पासूनच सक्तीचा होता, पण जमिनीपासून ३० इंच उंच चालत असे. इतक्या उंचीखालून कार आरामात आत जायची. उंची २२ इंचांवर आणणारा आणि मजबुतीची अट घालणारा नियम लागू झाला १९९८ मध्ये. मॅन्सफील्डनंतर ३१ वर्षांनी.

पट्टीची गोष्ट त्या मानाने वेगाने घडली. अमेरिकेत १ डिसेंबर १९९३ नंतर बनलेल्या अवजड ट्रेलरना परावर्तक पट्टी सक्तीची झाली. पण रस्त्यावर जुने ट्रेलर लाखोंनी होते. म्हणून पुढे जुन्यांनाही १ जून २००१ पर्यंत पट्टी लावण्याची मुदत दिली. २००१ मध्येच सरकारी अभ्यास आला: अंधारात ट्रेलरला बाजूने आणि मागून होणाऱ्या धडका पट्टीमुळे २९ टक्क्यांनी कमी झाल्या. आणि जिथे रस्त्यावर दिवेच नाहीत, अशा काळोखात ४१ टक्क्यांनी.

तो दुसरा आकडा आपल्यासाठी आहे. जंगलातल्या रस्त्यावर पथदिवे नसतात, म्हणजे पट्टीचा सगळ्यात जास्त फायदा आपल्याकडेच व्हायला हवा.

दुचाकीवाल्यासाठी आणखी एक जमेची गोष्ट आहे. पट्टी प्रकाश परत पाठवते तो हेडलाइटकडे, आणि डोळा हेडलाइटच्या जितका जवळ तितकी ती उजळ दिसते. मोटारसायकलवर दिवा आणि डोळा यांत अंतर थोडं. १०० मीटरवरून बघताना दोघांतला कोन अंशाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. उंच बसलेल्या ट्रकचालकासाठी तो यापेक्षा बराच मोठा. म्हणजे एकच पट्टी दुचाकीवाल्याला जास्त तेजस्वी दिसते. लोखंडी दांडा मात्र त्याला फारसा वाचवत नाही, कारण त्याचं डोकं आणि छाती दांड्याच्या वर डाल्यावर आदळते. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्यांच्यासाठी पट्टी हाच मुख्य उपाय, हेल्मेटच्या जोडीला.

आपल्याकडचा नियम कुठवर पोहोचला?

कागदावर आपले नियम बरे आहेत. केंद्रीय नियमांतला १०४ क्रमांकाचा नियम रिफ्लेक्टरचा: अवजड गाडीला पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल पट्टी. (गंमत म्हणजे या विषयावरचा युरोपातला नियमही १०४ क्रमांकाचाच आहे.) मागच्या दांड्याला आयएस १४८१२ हे २००५ चं मानक आहे. २०१५ च्या अधिसूचनेने टँकर आणि डंपरना ताशी ६० ची वेगमर्यादा यंत्रातच बसवायला लावली. वरचं गणित आठवा, ६० हा आकडा किती नेमका आहे.

पण वाहनांच्या बहुतेक नियमांत 'अमुक तारखेनंतर बनलेली वाहनं' असं वाक्य असतं. आपल्या भागात खाणीवर, रेतीघाटावर, लाकूड डेपोवर चालणाऱ्या गाड्या बऱ्याचदा शहरात आयुष्य काढून आलेल्या असतात. नवं तंत्रज्ञान त्यामुळे इथे शेवटी पोहोचतं. पट्टीचं मात्र तसं नाही. ती कुठल्याही जुन्या गाडीला अर्ध्या तासात चिकटवता येते आणि पासिंगच्या वेळी तपासता येते. ट्रकचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा, नंतर दरवर्षी होतं. म्हणजे जुन्या गाड्यांपर्यंत पोहोचणारा हा हाताशी असलेला नियम आहे.

तरी चार ठिकाणी तो गळतो.

पहिली जागा, धूळ. घुग्घुस, वणी, बल्लारपूर, गडचांदूर, आणि आता सुरजागडचं लोहखनिज घेऊन आलापल्ली-आष्टीकडे जाणाऱ्या गाड्या. कोळशाची किंवा खनिजाची धूळ पट्टीवर बसली की ती प्रकाश दोनदा अडवते, जाताना आणि येताना. थरातून निम्मा प्रकाश पार होत असेल तर परत येतो एक चतुर्थांश. पासिंगच्या दिवशी लखलखणारी पट्टी पावसाळ्यातल्या चिखलात महिनाभरात आंधळी होते.

दुसरी, ट्रॅक्टर. शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने बिगर-वाहतूक वाहन आहे, त्यामुळे ट्रकसारखी पासिंगची फेरी त्याला नाही. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, सावली या धानपट्ट्यात कापणी-मळणीच्या दिवसांत धानाने भरलेली ट्रॉली संध्याकाळनंतरही रस्त्यावर असते. मागे दिवा नाही, पोती किंवा भारे बाहेर आलेले.

तिसरी, बंडी. बैलबंडी मोटार वाहन कायद्यात बसतच नाही. जुनी माणसं बंडीखाली कंदील टांगायची. कंदील गेला, त्याच्या जागी काही आलं नाही.

चौथी, बाहेर आलेला माल. बांबू आणि लाकूड हा इथला जुना धंदा. टोकाला लाल फडकं बांधलं की काम झालं, अशी रीत होती. रात्री लाल फडकं काळंच दिसतं. २०१४ मध्ये केंद्राने बाहेर आलेल्या सळयांची सवलत काढून टाकली आणि २०१९ च्या दुरुस्तीने बाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपयांचा दंड आणला. दंड मोठा आहे, पण आडरस्त्यावर रात्री अकराला तो लावायला कोण उभं असतं?

पट्टीने सगळं होत नाही, हेही सांगायला हवं. १९ मे २०२२ च्या रात्री चंद्रपूर-मूल मार्गावर अजयपूरजवळ इंधनाचा टँकर आणि लाकडाचा ट्रक यांची धडक होऊन आग लागली आणि नऊ माणसं गेली. तिथे पट्टीने काही वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. तिथला प्रश्न टँकरचा, आगीचा आणि मालगाडीतून माणसं प्रवास करतात त्याचा आहे.

तरीही पट्टीवर मी इतकं लिहिलं याचं कारण हॅडनचा तिसरा टप्पा. धडकेनंतर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाला 'नागपूरला हलवा' सांगतात. चंद्रपूरहून ते दीडशे किलोमीटर. सिरोंचा किंवा भामरागडच्या पुढे अपघात झाला तर आधी जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायलाच कित्येक तास जातात. शहरात जो वाचतो, तो इथे वाटेत जातो. तिसरा टप्पा सुधारायला डॉक्टर, इमारती, रस्ते आणि वर्षं लागतात. पहिला टप्पा सुधारायला काही मीटर पट्टी आणि एक ओला फडका पुरतो.

तुमच्या घरी ट्रॅक्टर, बंडी किंवा छोटा मालवाहू टेम्पो असेल, तर आज अंधार पडल्यावर एक करून बघा. गाडीच्या मागे ऐंशी-शंभर पावलं जा, टॉर्च डोळ्याजवळ, कानशिलाला टेकवून धरा आणि गाडीवर मारा. टॉर्च कमरेजवळ धरू नका, तिथून पट्टी मंद दिसते. कारण वर आलंच आहे. गाडी चमकली तर ठीक. नाही चमकली, तर मागून येणाऱ्यालाही ती दिसत नाही. पट्टी आणाल तेव्हा दुकानात 'रेडियम' मागितलं तरी चालेल, पण नंबरप्लेटवर नक्षी काढायचं साधं स्टिकर घेऊ नका. एआयएस ०९० ची खूण असलेली मागा. आणि धानाचे दिवस आले की बैल धुता तशी आठवड्यातून एकदा तीही पुसत जा.